माळ, अनुग्रह, पारायण... आणि मग रोजच्या वागण्यात काय बदललं?

चिमणी_पेठेतली: काल पालख्या आल्या. निवडुंग्या विठोबापाशी एक कॉलेजचा मुलगा वारकरी आजोबांच्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळत होता, आणि एकदम आमचे अप्पा आठवले. अप्पांनी पन्नाशीत माळ घातली. आई म्हणाली, चला, मटणाचा खर्च वाचला. पण अप्पा पालटलेच. कचऱ्याच्या मावशींना आधी 'ए' म्हणायचे, ते 'माउली, जरा टेका' म्हणायला लागले. मावशींसाठी पायरीच्या कोनाड्यात कान तुटलेला वेगळा कप असायचा. तो कधी गेला कळलंही नाही, चहा आमच्याच कपातून सुरू झाला. तुमच्याकडचं लिहा.

हौदवाला: भवानी पेठेत आमच्या वाड्यात दिंडी उतरायची. माझ्याकडे संडासाची रांग. हसू नका. पहाटे साडेतीनला बादल्या भरून ठेवायच्या, म्हाताऱ्यांना हात धरून न्यायचं. हरिपाठ अजून पाठ नाही, पण हे चोख.

गुगली: साडेतीनला पाणी?? कुठल्या युगात राहता 😄

हौदवाला: आयडी वाचा की राव

मेधा_क: सासरे ससूनला होते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या आई आमच्यासाठी खालून चहा आणायच्या, त्यांचे स्वतःचे रोजे चालू असताना! मी तेव्हा दर गुरुवारी मठात जायची, प्रसाद घेऊन घरी. आताही जाते, पण त्या दिवशी दोन डबे जास्तीचे करून आधी वॉर्डाबाहेर देते. कुकर झाला, पळते.

खवट_पुणेकर: आमच्या सोसायटीत पालखीला बिस्किटं वाटतात, फोटो काढतात आणि महिनाअखेरीस घरकामाच्या ताईंचा खाडा कापतात. वर म्हणे 'माउलींची सेवा'.

चिमणी_पेठेतली: @खवट कटू आहे पण खरं आहे 🙏

झाडूवाला: गाडगेबाबा 1956 ला गेले. माझ्या आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलेलं. दिवसा हातात खराटा, गाव झाडायचं, रात्री कीर्तन. म्हणून आम्ही मित्र पालखी पुढे गेली की पत्रावळी अन् पाण्याच्या बाटल्या उचलतो. वास येतो, कंबर धरते. यंदा हातमोजे कमी आहेत, कोणाकडे जास्तीचे असतील तर सांगा.

मेधा_क: आहेत, लॉकडाऊनचे, अख्खा बॉक्स. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गुगली: अवांतर. उद्या दिवे घाट चालू आहे का? सासवडला साखरपुडा आहे.

हौदवाला: उद्या माउली घाटात, आणि हे विचारतायत चालू आहे का. बोपदेवने जा.

गुगली: बोपदेवला खड्डे आहेत हो

खवट_पुणेकर: मग चालत जा, वारीपण होईल. येताना सीताफळं मिळाली तर आणा.