मदत हवी आहे: मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धेला पालकांनी काय घालावं?

नमस्कार. आम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो. लेक यंदा पहिल्यांदाच समर लीगमध्ये पोहतेय. शनिवारी सकाळच्या स्पर्धेत मला टायमरचं काम मिळालंय. स्टॉपवॉच घेऊन लेनच्या टोकाशी उभं राहायचं आणि मुलांचा हात भिंतीला लागताना वाकून बघायचं. म्हणजे पाणी अंगावर येणारच. वर जुलैचं ऊन आणि हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी घामट. सुती कुर्ता भिजून अंगाला चिकटेल, याची फार धास्ती वाटते. पटकन वाळणारी पँट बरी की शॉर्ट्स? ओल्या फरशीवर न घसरणारी चप्पल कोणती? पंच पांढरा शर्ट घालतात, टायमरनाही रंगाचं बंधन असतं का? सासूबाईही येणार आहेत, त्या सुती साडीच नेसतात. त्यांना सावलीत बसायला खुर्ची घरून न्यावी का?