धड्यातून काय शिकलात?
एका ताईंनी लिहिलंय की 'धड्यातून काय शिकलात' विचारलं की पोरं गाईडमधलंच उत्तर उतरवतात, अगदी खरंय, पण मला वाटतं प्रश्नच बदलायला हवा. 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग घ्या, श्याम भिऊन लपून बसतो आणि आई मारून त्याला पोहायला धाडते. आमच्या कोल्हापुरातल्या वर्गात मी एवढंच विचारते, तुम्ही भ्यालात तेव्हा घरचे कसे वागले? मग २०१९ चा पूर, पंचगंगेचं पाणी घरात शिरलेलं, आजीनं आधी दप्तर माळ्यावर टाकलं, सगळं भडाभडा बाहेर येतं बघा. एक पोरगी म्हणाली, श्यामला मारलं ते आईचं चुकलंच. तेही लिहू द्यायचं, त्याचे मार्क अजिबात कापायचे नाहीत. आणि ज्याला वर्गासमोर सांगायचं नाही त्याला जबरदस्ती करू नका.