टीना टर्नर: नाव नवऱ्याचं, गळा तिचाच

अमेरिकन गायिका टीना टर्नरबद्दल काही जण म्हणतात, तिचा संगीतकार नवरा आईक टर्नर नसता तर टीना झालीच नसती. अर्धं खरं आहे. तिचं खरं नाव ॲना मे बुलक. 'टीना' हे नाव त्यानेच ठेवलेलं. पण गळा काही त्याने दिला नव्हता, मार मात्र भरपूर दिला.

१९७६ च्या जुलैत डॅलसच्या हॉटेलातून ती रक्ताळलेल्या कपड्यांनिशी पळाली, तेव्हा जवळ 36 सेंट आणि एक पेट्रोल कार्ड. 1978 साली घटस्फोट झाला. पैशावर पाणी सोडलं, नाव तेवढं मागून घेतलं. पुढची काही वर्षं मिळतील ते कार्यक्रम करत कर्ज फेडलं. मग 1984 चा 'प्रायव्हेट डान्सर' हा अल्बम. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर! ग्रॅमी वगैरे आलंच ओघाने.

मला ती जवळची वाटते ती टेनेसीतल्या नटबुशमुळे. लहानपणी ती तिथे कापूस वेचायची आणि त्या कामाचा तिला मनस्वी तिटकारा होता. आमच्या खानदेशात चोपड्याकडे वेचणीला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात, कमरेची ओटी भरता भरत नाही.

आजीला एकदा तिचा व्हिडिओ दाखवला होता. अहिराणीत म्हणाली, "हाई बाई गाई राहिनी का भांडी राहिनी?" (ही बाई गातेय की भांडतेय?) मग मात्र शेवटपर्यंत पाहिला, आणि परत लाव म्हणाली.