तीन खुरांचा, तीन टापांचा की तीन बोटांचा घोडा?

डिचोलीकर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सिवॅलहिप्पस थिओबाल्डीवर फलक लिहितोय. शिवालिक टेकड्यांतला नामशेष घोडा, जीवाश्मशास्त्रज्ञ लायडेकरने १८७७ साली नाव दिलेला. 'तीन खुरांचा घोडा' असं लिहिलं, तर आमच्या बाई म्हणतात, खूर गाईम्हशींचे, घोड्याची टाप. आता 'तीन टापांचा' लिहिलं तर एक पाय तुटल्यासारखा वाटतो!

म्हापशाची वाचक: बोलण्यात बाईंचंच बरोबर. नाल ठोकतात ती टापेलाच. पण शास्त्रीय मराठीत घोडा, गेंडा, टॅपिर (आखूड सोंडेचा जंगली प्राणी) यांचा गण 'विषमखुरी', तेव्हा परिभाषेत घोड्यालाही खूर चालतो. मला खटकतो तो 'विषम'. टॅपिरच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात. चार ही विषम संख्या कधीपासून?

गुरांचा डॉक्टर, फोंडा: आकडा मोजू नका, भार कुठून जातो ते बघा. या गणात तो तिसऱ्या, म्हणजे मधल्या बोटावरून जातो. गाईत तिसऱ्या-चौथ्याच्या मधून. म्हणून टॅपिर या गणात. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या इओहिप्पसलाही पुढे चार आणि मागे तीनच बोटं होती, आणि तो घोड्यांच्या कुळातला.

फलकावर 'बोट' लिहा. खूर म्हणजे बोटाच्या टोकावरचं नख, आत हाडं असतात ती बोटाची. सिवॅलहिप्पसचं मधलं बोट जाड. बाजूची दोन बारीक आणि आखूड, पण त्यांनाही स्वतःचे चिमुकले खूर. आजच्या घोड्यात त्या दोघांची फक्त वरची हाडं उरलीत, पायाच्या नळीच्या हाडामागे चिकटलेली. आणि पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणतो ना आपण, तो खरा मनगट. मुलांना हे सांगा, फार आवडतं.

डिचोलीकर: आपल्या घोडेमोडणी नाचातला लाकडी घोडा बरा, त्याला पायच नाहीत. नाचणाऱ्याचे तेच त्याचे!

म्हापशाची वाचक: संस्कृतात घोड्या-गाढवांना 'एकशफ' म्हणत, शफ म्हणजे खूर. त्या धर्तीवर 'त्रिशफ' होईल, पण फलकाखाली टीप द्यावी लागेल. 'त्रिअंगुली' सोपा.

गुरांचा डॉक्टर, फोंडा: त्रिअंगुली चालेल, मात्र ते वर्णन म्हणून, जात त्यावरून ठरत नाही. तीन बोटांचे घोडे उत्तर अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत कितीतरी होऊन गेले. टांझानियात लाएटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या राखेत त्यांची पावलं उमटलीत. ओळख पटते ती दाढांवरून. सिवॅलहिप्पस ज्यात येतो त्या हिपॅरियन गटाच्या वरच्या दाढेत प्रोटोकोन हा उंचवटा सुटा असतो. दाढ झिजली की एनॅमलच्या कड्याचं बेट दिसतं. ईक्वस, म्हणजे आजच्या घोड्याच्या प्रजातीत, तो शेजारच्या कड्याला जोडलेला. शिवालिकमध्येच पुढच्या काळात ईक्वस सिवॅलेन्सिस आला, एका बोटाचा; फाल्कनर आणि कॉटली यांनी नाव दिलेला. दोघांच्या दाढांची चित्रं शेजारी शेजारी लावा.

डिचोलीकर: डॉक्टरबाब, प्रोटोकोनला मराठी काय?

गुरांचा डॉक्टर, फोंडा: प्रोटोकोनच ठेवा. 'आद्यशंकू' वगैरे केलंत तर बाई परत बोलावतील.

डिचोलीकर: ठरलं. शीर्षक 'शिवालिकचा त्रिअंगुली घोडा', खाली पायाचं चित्र, त्यात 'बोट' हाडाला आणि 'खूर' नखाला. टाप आवाजापुरती ठेवतो.

म्हापशाची वाचक: टाप बाईंना विचारून काढा.