मदत हवी आहे: छोट्या ड्रम मशीन-बेस सिंथवर रूपक, झपताल कसे बसवावेत? कंपनीला काय सुचवावं?

मध्यलय:

नमस्कार मंडळी,

आमचा तिघांचा लहानसा संच आहे. धाकटी बहीण गाते, मावसभाऊ पेटीवर असतो आणि मी ऑक्टोपॅड वाजवतो. भावगीतं, अभंग, अधूनमधून नाट्यगीतं. कार्यक्रमाला बहुतेक वेळा एसटीनेच जातो, त्यामुळे ऑक्टोपॅड, त्याचा स्टँड, पेडल आणि पेटी हे सगळं सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून दिवाळीत एक वापरलेलं छोटं यंत्र घेतलं. तळहाताएवढं आहे. सहा ड्रमचे आवाज, बेसची एक ओळ, जास्तीत जास्त ३२ स्टेप (एकेक आवाज भरायची घरं) आणि आतच चार्ज होणारी बॅटरी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला यंत्राला नावं ठेवायची नाहीत. ते मला फार आवडलंय. पण आपल्या गाण्याला ते अजून पुरतं उपयोगी पडत नाही, आणि पडावं अशी तळमळ आहे. कंपनीला सविस्तर पत्र लिहायचा विचार आहे. त्याआधी इथल्या जाणकारांना विचारायचंय की यातलं काय आत्ताच जमण्यासारखं आहे आणि काय खरोखर यंत्रातच बदलायला हवं.

सगळ्यात मोठी अडचण आवर्तनाची. दादरा बसतो, कारण सहा मात्रा गुणिले चार म्हणजे २४ स्टेप. रूपकाच्या २८ होतात, तोही मावतो. झपतालाला ४० लागतात, तिथे यंत्र संपतं. मात्रेला दोनच स्टेप दिल्या तर २० मध्ये बसतो, पण मग मधली भरणी करता येत नाही आणि ठेका उघडाबोडका वाटतो. शिवाय ड्रम आणि बेस दोघांची लांबी एकच ठेवावी लागते. मला ठेका एका आवर्तनाचा आणि बेसची ओळ लेहऱ्यासारखी (तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या धुनेसारखी) दोन आवर्तनांची हवी असते.

दुसरी अडचण पट्टीची. बहीण काळी चारमध्ये गाते, पण घसा बसला असेल तर काळी तीनवर उतरते. पेटीवाला क्षणात बदलतो. माझी बेसची ओळ मात्र स्वर न् स्वर पुन्हा भरावी लागते. इलेक्ट्रॉनिक तबल्याच्या पेटीवरसुद्धा एका बटणाने स्वर वरखाली होतो, मग इथे का नसावा?

भजनी ठेक्याचा झोलही (झुलती चालही) येत नाही. स्विंग वाढवला की प्रत्येक दुसरी स्टेप सारखीच मागे सरकते आणि ठेका लंगडल्यासारखा होतो.

आणि एक तातडीचं. गेल्या रविवारी देवळाच्या सभागृहात यंत्र मिक्सरला जोडलं, तर किक (ड्रमचा खर्जातला ठोका) आणि बेस जवळजवळ गायब! उरली ती नुसती घुमारी. हेडफोनवर सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम आहे. कृपया सुचवा.

---

तारजोड:

आधी तातडीचं. तुम्ही स्टिरिओ पिन ते स्टिरिओ पी-३८ (मिक्सरला लागणारी जाड पिन) अशी केबल मिक्सरच्या एकाच चॅनेलला लावली असणार. तो चॅनेल बॅलन्स्ड असतो, म्हणजे पिनच्या दोन टोकांवर आलेल्या सिग्नलमधला फरक तेवढा तो उचलतो. किक आणि बेस डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखे असतात, त्यामुळे वजाबाकीत शून्य उरतं. रिव्हर्ब दोन बाजूंना वेगवेगळा असतो, तोच वाचतो. तुम्ही ऐकलेली घुमारी ती हीच. यंत्रात काही बिघाड नाही.

एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पी-३८ अशी वाय केबल घ्या. दोन चॅनेल मोकळे असतील तर दोन्ही जोडा, नाहीतर डावी बाजू एकटी लावली तरी चालेल. साउंडवाल्याकडे असेल या भरवशावर राहू नका, आपली जवळ ठेवा. आणि यंत्र आणि फोन एकाच पॉवर बँकेवर लावून दोघांचाही आवाज मिक्सरला देऊ नका, बारीक चीं आवाज येतो. शक्यतो यंत्र चार्ज करून न्या आणि बॅटरीवरच वाजवा.

पत्रात मात्र हे नक्की मागा: किक आणि बेससाठी वेगळं आउटपुट. एकाच तारेतून सगळं आलं की साउंडवाला बेस कमी करायला गेला तर सोबत टाळीही कमी होते.

---

लयकरी:

मी तबल्याचा विद्यार्थी आहे, यंत्रातलं थोडंच कळतं. पण झपताल तुमच्या यंत्रात मावतो! धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. पाच आणि पाच असे सरळ दोन अर्ध होतात. २० स्टेपचे दोन पॅटर्न करा आणि एकापाठोपाठ एक लावा. सहाव्या मात्रेला खाली (टाळीऐवजी रिकामा हात) आहे, म्हणून दुसरा पॅटर्न किकशिवाय सुरू करा आणि आठव्या मात्रेला, 'धी धी ना'ला, किक परत आणा. मागणीपेक्षा मला ही मांडणीच जास्त आवडते. खाली-भरी आपोआप दिसते.

भजनी ठेक्याला स्विंग लावूच नका. मात्रेला चारऐवजी तीन स्टेप द्या. आठ मात्रांच्या २४ होतात. यंत्र चार स्टेपचा एक ठोका धरतं, म्हणून लय पाऊणपट ठेवायची. मिनिटाला १२० मात्रा हव्या असतील तर यंत्राच्या लयीच्या काट्यावर ९० लावा. तिसऱ्या स्टेपवर हलका हॅट (झांजेचा आवाज) दिला की झोल येतो.

---

नादखुळा:

बेसबद्दल थोडं. या छोट्या यंत्रांची वंशावळ रोलँडच्या टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-६०६ (ड्रम) या जोडीपर्यंत जाते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची यंत्रं, दोन्ही बॅटरीवर चालणारी. एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला साथ मिळावी म्हणून काढलेली. तेव्हा फारशी खपली नाहीत, १९८४ पर्यंत ३०३ बंदही झालं. पण १९८२ मध्येच मुंबईत चरणजित सिंग यांनी ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली होती. तेव्हा ही यंत्रं आपल्या गाण्यासाठी नाहीतच असं कुणी म्हणालं, तर मी तरी मानणार नाही.

या यंत्रांच्या बेसमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय असते, तिला स्लाइड म्हणतात. तिची एक मर्यादा आहे. दोन स्वरांतलं अंतर कितीही असो, ती ठरलेल्याच वेळात सरकते. बायाँवरचा (डग्ग्यावरचा) घिस्सा कधी सावकाश जातो, कधी झपकन. स्लाइडला वेळेचं बटण द्या, एवढं पत्रात जरूर लिहा. माझ्या मते पट्टीनंतर हीच मागणी मोलाची. पट्टीसाठी सध्या तरी उपाय एकच: फक्त सा आणि पंचमावर ओळ बांधा आणि तीच तीन पट्ट्यांत भरून तीन शेजारच्या जागांवर ठेवा.

---

मध्यलय:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाजारातून वाय केबल आणली आणि शेजारच्या मंडळाच्या मिक्सरवर लावून पाहिली. किक पोटात जाणवली! इतके दिवस यंत्रालाच दोष देत होतो.

झपताल दोन पॅटर्नमध्ये भरला. बहिणीने पहिल्याच फेरीत सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पकडली. भजनी ठेक्यालाही ९० वर झोल आला, थोडा हात बसायचाय. त्यामुळे लांबीची मागणी पत्रात खाली ढकलतोय. पट्टी, स्लाइडची वेळ आणि बेसचं वेगळं आउटपुट वर घेतो.

लयकरी, एकच विचारतो. रूपकात समेलाच खाली आहे, म्हणून पहिल्या तीन मात्रा किक आणि बेस दोन्ही बंद ठेवले आणि चौथीला आणले. ठेका बरोबर वाटतो, पण बहिणीला आवर्तन कुठे सुरू झालं ते कळत नाही.

---

लयकरी:

बेस चौथ्या मात्रेलाच राहू द्या, तो हलवू नका. समेवर टाळीचा आवाज एकदाच, अगदी हळू द्या आणि बाकी कुठेच वापरू नका. ती टाळी रूपकाच्या पहिल्या 'ती' या बोलाची जागा घेईल. शनिवारी कार्यक्रम झाला की जमलं तर ध्वनिमुद्रण इथे टाका, ऐकायला आवडेल.