विमानांच्या कसरतींच्या स्पर्धेत गुण लिहायला बसायचंय, काय तयारी करू?

प्रश्न
ओहायोत घराजवळच्या छोट्या धावपट्टीवर शनिवारी हौशी वैमानिकांची एरोबॅटिक स्पर्धा आहे. मला विमान चालवता येत नाही, तरी परीक्षकाशेजारी बसून गुण लिहायला बोलावलंय. जमेल का?

उत्तर
नक्की जमेल! मी सहा वर्षं हेच करतेय. परीक्षकाची नजर आभाळातून हलत नाही. एक जण पुढची कसरत वाचून सांगतो, परीक्षक पुटपुटतो, "साडेसात, रेघ तिरकी", आणि आपण ते लिहायचं. सुरुवात 10 पासून, 5 अंशांची चूक म्हणजे 1 गुण कमी. कारणही लिहा हं, वैमानिक संध्याकाळी तेच आधी वाचतात. कागदामागच्या पुठ्ठ्याला दोन रबरबँड लावा. पहिल्या वर्षी माझा एक कागद वाऱ्यानं शेजारच्या सोयाबीनमध्ये गेला. तो शोधताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कुणाची तरी वर्षभराची मेहनत होती त्यावर.

उत्तर
कसरती कागदावर रेघांनी दाखवणारी आरेस्तीची चिन्हं आदल्या रात्री बघून ठेवा. भरीव ठिपका म्हणजे सुरुवात, रेषेच्या टोकाला काटकोनातली छोटी रेघ म्हणजे शेवट. नवख्या गटांना 1500 फुटांखाली यायची मुभा नसते, तिथे कुणी गेलं तर परीक्षक सांगेल ते तत्काळ टिपा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार! लूप, म्हणजे आभाळातलं उभं वर्तुळ, गोल न होता अंड्यासारखा झाला तर?

उत्तर
गुण कापतात. वारा असला तरी जमिनीवरून तो गोलच दिसायला हवा.