चार मीटरच्या अटीनं लहान गाडी सुधारली की बिघडली?

मागची_डिकी:
2006 च्या अर्थसंकल्पात लांबी 4000 मिमीच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत, अशा गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीत तीच रेघ 18 आणि 40 टक्क्यांच्या मध्ये आहे. करापूर्वी 7 लाखांच्या गाडीवर 1.54 लाखांचा फरक पडतो. या रेघेत बसायला काय गेलं ते डिझायरमध्ये बघा. 2008 ची 4160 मिमी, 2012 ची 3995. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, उलट 2390 वरून 2430 झाला. म्हणजे कात्री लागली ती मुख्यतः मागच्या चाकापलीकडे, आणि डिकी 440 लिटरवरून 316 वर आली. दक्षिण आफ्रिकेत ही अट नाही, तरी तिथल्या गिऱ्हाईकालाही आखूडच गाडी मिळाली. गाडीची लांबी अर्थखात्यानं ठरवू नये.

व्हीलबेस:
असहमत. 2012 चं उदाहरण अर्धंच आहे. 2017 ची डिझायर त्याच 3995 मिमीत 2450 व्हीलबेस आणि 378 लिटर डिकी घेऊन आली, कारण ती पहिल्यापासून त्या मापात आखली होती. आधीची कापून बसवली होती. शिवाय इथे गाड्या नुसत्या कापल्या जात नाहीत, वाढवल्याही जातात. 2013 ची युरोपातली आय10 3665 मिमी, आपली ग्रँड आय10 3765. व्हीलबेस 40 मिमी जास्त, मागे एसीचे व्हेंट. आपल्याकडे मागच्या सीटवर आईवडील बसतात, हे ओळखून केलेला बदल आहे तो.

टॅपेट:
दोघेही लांबीवर अडकलात. खरी अडचण सीसीची आहे. ब्रेझा 2016 मध्ये 1248 सीसी डिझेलवर आली, सवलतीत बसली. बीएस6 या प्रदूषण नियमांत ते डिझेल बंद झालं आणि 1462 सीसी पेट्रोल आलं. लांबी तीच 3995, पण कर वरचा! 1200 च्या आत ताकद हवी म्हणून मग 998 सीसी टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारी छोटी इंजिनं, येतात. व्हेन्यूसारख्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, ऑइलच्या वाफेचा कार्बन त्यांच्या मागे साचत जातो. मग गाडी उभी असताना चालू इंजिनला थरथर, पिकअप मंद. टाकीत क्लीनर ओतून काही होत नाही, तो तिथे पोचतच नाही. मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) उतरवून, व्हॉल्व्ह बंद स्थितीत ठेवून, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबानं मारावा लागतो. साधं 1.5 लिटरचं, बिनटर्बोचं इंजिन याहून कितीतरी सोशिक.

मागची_डिकी:
टॅपेट यांच्याशी सहमत, आणि त्यात भर. जपानच्या केई (सर्वांत लहान वर्गातल्या) गाडीला लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48, उंची 2.0 आणि 660 सीसी अशा चारही बाजूंनी मर्यादा आहेत. म्हणून तिथली वॅगन आर 1475 मिमी रुंद, आपली 1620. आपण रुंदी मोकळी सोडली. नेक्सॉन 1804 मिमी रुंद आहे आणि कायद्याच्या लेखी ती लहान गाडी!

व्हीलबेस:
पण रुंदी बांधली की दारातली जागा जाते. बाजूनं धडक बसली तर दार आणि माणूस यांच्यात जेमतेम काही इंच असतात. बीम, फोम तिथेच बसवायचं असतं, आणि छताच्या कडेतून उघडणारी पडदा एअरबॅगही तिथेच फुगते. लांबीची अट काढा म्हणत असाल तर मान्य. रुंदीला हात लावू नका.